भाडेकरूच्या माघारी

रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात "तुमच्याकडे खोली रिकामी आहे का?" हा प्रश्न आम्ही अनेक वर्षे ऐकत आलो आहोत. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातून कुणी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आले, कुणी नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात लागले, कुणी ओझरच्या विमान कारखान्यात. दुसऱ्याच्या वरच्या मजल्यावर दिवस काढून आपली कित्येक कुटुंबे स्वतःच्या छपराखाली आली, आणि त्यांतलेच काहीजण आज घरमालक आहेत. घरमालकांसाठी भाडेकरूंच्या शिफारशींचे एक संकेतस्थळ उभारावे, असा विचार आपल्यातले काही संगणक शिकलेले तरुण सध्या मांडीत आहेत. त्याविषयी स्पष्ट बोलणे आम्हांस भाग आहे.

कल्पना वरवर निरुपद्रवी दिसते. जुन्या मालकाने भाडेकरूविषयी चार ओळी लिहाव्यात, नव्याने त्या वाचाव्यात, दलालाचे पैसे वाचावेत. हेतूवर आमचा आक्षेप नाही. परंतु या आराखड्यात लिहिणारा मालक, वाचणाराही मालकच! ज्याच्याविषयी लिहिले जाते त्याला ते वाचण्याची सोय नाही, मग उत्तर देण्याची कुठून असणार? याला शिफारस म्हणावे की माघारी केलेली चहाडी?

घरमालकांची भीती आम्ही खोटी म्हणत नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्याने जागेत असलेले लोक कायद्याने भाडेकरू ठरले. घर दिले की गेले, ही धास्ती तेव्हापासून मनात घट्ट बसली. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम २४ नुसार राहण्यासाठी दिलेल्या परवान्याची मुदत संपली की मालकाला थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते, आणि जागा न सोडणाऱ्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. कलम ५५ म्हणते, करार लेखी हवा, नोंदलेला हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झालाच तर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य! अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज महाराष्ट्रात साफ चुकीचा आहे. आता तर लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी घरबसल्या होते. तरीही हजार-दोन हजार वाचवण्यासाठी साध्या मुद्रांकपत्रावर सह्या उरकणारे आपल्यात थोडे नाहीत. कायद्याने दिलेली ढाल खुंटीला टांगून ठेवायची आणि संरक्षणासाठी परक्याची बदनामी गोळा करायची, हा कुठला न्याय?

आमच्या परिचयाची एक परिचारिका पंचवटीत भाड्याने राहत असे. जागा सोडताना रंगकामाच्या नावाखाली मालकाने तिची अनामत रक्कम अडकवली. तिने रंगाऱ्याची पावती मागितली. एवढ्यावरून ती गल्लीत 'भांडखोर' ठरली. शेजारच्या दोन घरांनी तिला नकार दिला. शेवटी तिला नाशिकरोडला खोली मिळाली, कारण तो शब्द गोदावरी ओलांडून गेला नाही. संकेतस्थळावर तो कायमचा राहिला असता, आणि ती नोकरीसाठी पुण्याला गेली असती तरी तिच्या आधी तिथे पोहोचला असता.

शिवाय 'इतर शेरा' नावाचा रकाना आलाच. आडनाव ऐकून, खाण्यापिण्याची चौकशी करून नाकारलेली घरे आपल्याला ठाऊक आहेत. त्या रकान्यात काय उतरेल, ते निराळे सांगायला नको. (आणि "आपल्यातलेच आहेत ना?" हा प्रश्न आपणही विचारतो, हेही इथेच कबूल केलेले बरे.) अमेरिकेत भाडेकरूंना गुण देणाऱ्या सेफरेंट या कंपनीवर मॅसॅच्युसेट्समधील अर्जदारांनी दावा लावला होता. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक लोकांना त्या गुणांमुळे घरे नाकारली जातात, अशी त्यांची तक्रार होती. २०२४ साली कंपनीने दोष मान्य न करता वीस लाख डॉलरांहून अधिक रकमेची तडजोड केली. तिथे निदान गुण तरी होते. इथे नुसता शेरा असणार.

बँकेच्या कर्जदाराला स्वतःची पतनोंद पाहण्याचा व चूक दुरुस्त करून घेण्याचा हक्क २००५ च्या कायद्याने दिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती दुरुस्त करण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क लिहिलेला आहे. मग आपल्याच भाडेकरूला आपण त्याहून हलका का लेखावा? संकेतस्थळ उभारायचेच असेल तर भाडेकरूने वाचल्याखेरीज कोणतीही नोंद कुणाला दिसू नये, त्याचे उत्तर तिच्याच शेजारी छापावे, आणि दोन-तीन वर्षांनी दोन्ही पुसावीत. आधारपत्राच्या प्रती साठवूच नयेत. पोलिसांना द्यायची माहिती पोलिसांकडेच जावी. 'इतर शेरा' तर काढूनच टाकावा. त्या जागी मालकाचा हिशेब यावा: अनामत किती घेतली, कोणत्या तारखेला परत केली, किती कापली, आणि कापल्याची पावती दिली का.

हा हिशेबाचा रकाना ठेवण्याची तयारी असेल तर पहिली नोंद आमच्याकडे आहे. त्या परिचारिकेचे नऊ हजार रुपये अजून मिळालेले नाहीत.