मॉस्कोच्या भूगर्भातील संगमरवर

मॉस्कोला जाणारा आपल्याकडील प्रवासी बहुधा क्रेमलिन व लाल चौक पाहून समाधानाने परततो. माझे मत विचाराल, तर त्याने एक संपूर्ण सकाळ तेथील मेट्रोसाठी राखून ठेवावी. एकदा तिकीट काढून आत गेले की बाहेर पडेपर्यंत हव्या तितक्या स्थानकांवर उतरता-चढता येते. व्यापारी हिशेबानेही हा सौदा वावगा नाही. रशियन लिपी वाचता येत नसली तरी कान उघडे ठेवावेत. शहराच्या मध्याकडे जाणाऱ्या गाडीत पुरुषाच्या आवाजात घोषणा होते, मध्यापासून दूर जाणाऱ्या गाडीत स्त्रीच्या.

पार्क पोबेदी स्थानकाचा फलाट जमिनीखाली सुमारे ८४ मीटर आहे. सरकता जिना संपता संपत नाही. मायाकोव्स्काया स्थानकात मान वर करून पाहावे लागते. छतातील गोलाकार कोनाड्यांत देयनेका या चित्रकाराची, आकाशाच्या विषयावरील ३४ मोझेक चित्रे आहेत. जर्मन सैन्य मॉस्कोच्या दिशेने सरकत असताना, ६ नोव्हेंबर १९४१ रोजी, स्टालिनने याच दालनात सभा घेतली होती. परंतु खरे नवल कोम्सोमोल्स्काया या १९५२ च्या वर्तुळमार्गावरील स्थानकात आहे. फिकट पिवळे छत, झुंबरांची रांग, संगमरवरी स्तंभ! त्याचा वास्तुविशारद श्चुसेव. क्रांतीपूर्वी याने चर्चे उभारली, क्रांतीनंतर लेनिनची समाधी. हे दालन मात्र त्याच्या मृत्यूनंतर खुले झाले. तेथील ज्या चित्रांत स्टालिन होता, ती पुढे बदलण्यात आली. आबूच्या देलवाडा मंदिरांतील छते पाहिलेल्या आपल्या डोळ्यांना कोरीव कामाचे अप्रूप वाटणार नाही. अप्रूप वाटते ते त्याखालून भाजीच्या पिशव्या घेऊन धावणाऱ्या माणसांचे.

हे वैभव श्रमिकांसाठी, असा त्या राज्यकर्त्यांचा दावा होता, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. वाटेगावाहून वडिलांबरोबर पायी मुंबईला आलेले, गिरणीत राबलेले अण्णाभाऊ साठे १९६१ मध्ये रशियाला गेले आणि त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. २०२२ पासून मॉस्कोतील परकीय साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा आहे. आपल्या माणसांनी तेथे अवश्य जावे.

तरीही क्रोपोत्किन्स्काया स्थानकात मन थबकते. मेट्रोचा पहिला मार्ग १५ मे १९३५ रोजी तेरा स्थानकांसह सुरू झाला, त्यांतील हे एक. जवळच ख्रिस्त तारणहाराचे भव्य मंदिर होते. सोव्हिएतांचा महाल उभारण्यासाठी डिसेंबर १९३१ मध्ये ते सुरुंग लावून पाडले. त्यातील संगमरवर काही स्थानकांत बसविला गेला, नोवोकुझनेत्स्काया स्थानकातील बाकेही त्याच दगडाची, असे सांगतात. महाल कधी उभा राहिलाच नाही. त्याच्या जागी पोहण्याचा तलाव झाला, आणि २००० साली मंदिर पुन्हा बांधून तयार झाले. ज्यांच्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जीर्णोद्धारात द्रव्य घातले, त्यांना त्या बाकावर बसताना काय वाटेल, हे मी सांगावयास नको.

याहून मोठी किंमत खेड्यांनी मोजली. बोगदे खणले जात होते त्याच १९३२-३३ साली, शासनाने धान्य सक्तीने उचलल्यामुळे, युक्रेनसह अनेक प्रांतांत लक्षावधी शेतकरी उपासमारीने मेले. खणणाऱ्यांतही खेड्यांतून आलेले तरुण पुष्कळ होते. यवतमाळच्या वाचकाला यात परके काही वाटू नये. वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठी ब्रिटिश कंपनीने मूर्तिजापूरपर्यंत आपली ‘शकुंतला’ धावती केली. तिच्या स्थानकांवर कोणी संगमरवर मढविला नाही, पण पिकविणारा आणि कमावणारा यांतील अंतर आपण पेढीवर बसून पाहिलेले आहे. म्हणून त्या झुंबरांखाली मला निखळ आनंद झाला नाही, आणि ती पाहू नयेत असेही वाटले नाही. पुढे १९५५ मध्ये ख्रुश्चेव्हच्या काळात वास्तुकलेतील अतिरेकाविरुद्ध फर्मान निघाले. नंतरची बरीच स्थानके साधी आहेत, तेथे वेळ घालवू नये.

जाणाऱ्यांनी खाकरा, भाजलेले पोहे बरोबर घ्यावेत. चौविहार पाळणाऱ्यांस जून सोयीचा, सूर्यास्त रात्री नऊनंतर होतो. डिसेंबरात मात्र तो दुपारी चारच्या सुमारास होतो, तेव्हा डबा भुयारात उतरण्यापूर्वीच उघडावा.