यजमानाचे नियम आणि संघाची मर्यादा

मुंबईहून पुण्याच्या दिशेने विहार करणारे साधू-साध्वीवृंद बोरघाट चढून खंडाळ्यास येतात, लोणावळा ओलांडतात आणि वलवणवरून जुन्या महामार्गाने कामशेत, तळेगावकडे निघतात. या वाटेवरील मुक्कामाची जागा, रस्त्याची स्थिती, पहाटे सोबत चालणारे श्रावक कोण, या गोष्टी पूर्वी संघाच्या पेढीवर आलेल्या निरोपावरून ठरत. आता त्या व्हॉट्सअ‍ॅपच्या समूहांतून ठरतात. एकाच समूहात घाटाखालचे खोपोलीकर, घाटावरचे लोणावळेकर आणि पुढचे तळेगावकर असतात. पुष्कळांनी एकमेकांना पाहिलेलेही नसते.

समूह वाढला की नियमावली येते. अश्लील मजकूर नको, धमकी नको, खोटी ओळख नको, तेरा वर्षांखालील सदस्य नको, कायदाबाह्य काही नको, अशी लांबलचक यादी कोणीतरी कुठून तरी आणून चिकटवतो. यातील बहुतेक कलमे व्हॉट्सअ‍ॅपच्या सेवाशर्तींत आधीपासूनच आहेत आणि खाते उघडताना प्रत्येकाने ती मान्य केलेली आहेत. तेव्हा प्रश्न असा उभा राहतो, की यजमान कंपनीचे नियम संघाने आपल्या फलकावर पुन्हा लिहावेत काय?

हा प्रश्न धर्मशाळेच्या फलकापाशी समजण्यास सोपा जातो. तेथे फौजदारी कायद्याची कलमे लिहिलेली नसतात. सूर्यास्तानंतर भोजन मिळणार नाही, कंदमूळ आणू नये, खोली अमुक वेळेस रिकामी करावी, असे तेथे लिहिलेले असते. मात्र चोरी हा सर्वत्र गुन्हाच असला तरी ‘मौल्यवान वस्तू सांभाळा’ ही ओळ फलकावर हमखास असते, कारण यात्रेच्या गर्दीत वस्तू खरोखरच हरवतात. सर्वांना लागू असलेला नियमही कधी पुन्हा लिहावा लागतो. तो कोणता, एवढेच ठरवायचे असते.

पुन्हा लिहू नये असे म्हणणाऱ्यांची बाजू दुबळी नाही. केंद्र सरकारच्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार आपली नियमावली प्रसिद्ध करण्याचे आणि तिच्या उल्लंघनाचे परिणाम ठरावीक काळाने वापरकर्त्यांना कळवण्याचे कर्तव्य मंच चालवणाऱ्या कंपनीचे आहे. ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीने ती नियमावली इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत, वापरकर्त्याच्या पसंतीप्रमाणे, उपलब्ध करण्याचेही बंधन घातले. मराठी त्या अनुसूचीत आहे. जे काम कंपनीने करावयाचे ते संघाने अर्धवट नकलून घेण्यात कोणाचे हित साधते?

शिवाय नक्कल शिळी होते. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आली. पहिला आकडा फलकावर लिहून ठेवणारा समूह दोन वर्षांच्या आत चुकीची माहिती देऊ लागला असता. आणि ज्या नियमाची अंमलबजावणी अ‍ॅडमिनच्या हाती नाही तो लिहिणे म्हणजे ज्याची वसुली कधीच होणार नाही असे येणे वहीत मांडून ठेवणे होय. असे येणे वाढले की पूर्ण वहीवरचाच विश्वास उडतो, हे व्यापाऱ्याला निराळे सांगावयास नको.

तरीही दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे भिक्षुकीवर जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना, ते मुले पळवणारे आहेत अशा संशयावरून, जमावाने ठार मारले. मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा त्या दिवसांत फोनवरून गावोगाव फिरत होत्या. खोटे पसरवू नये हे कंपनीच्या शर्तींत लिहिलेले होतेच. पण ज्या हातांनी तो संदेश पुढे ढकलला त्यांच्यापर्यंत ते वाक्य पोहोचलेले नव्हते.

त्यात व्हॉट्सअ‍ॅपवरील संवाद पाठवणारा आणि घेणारा यांच्यापुरताच उघडा असतो. समूहात काय चालले आहे ते कंपनी पाहू शकत नाही. एखाद्या सदस्याने तक्रार केली तरच अखेरचे पाच संदेश तिच्यापर्यंत जातात. अर्थात यजमान घरात असूनही आंधळा आहे. घरात बसलेल्यांपैकी कोणी बोलला नाही तर त्याचा नियम कागदावरच राहतो.

या दोन बाजूंमधील वाट जैन परंपरेने फार पूर्वी आखून ठेवली आहे. श्रावकाची अणुव्रते पाच, पण केवळ व्रताचे नाव सांगून आचार्य थांबले नाहीत. प्रत्येक व्रताचे अतिचार, म्हणजे जेथे पाय घसरण्याचा संभव अधिक त्या जागा, त्यांनी वेगळ्या सांगितल्या. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्यव्रताच्या अतिचारांमध्ये ‘विरुद्धराज्यातिक्रम’ येतो. टीकाकारांनी त्याचा विस्तार निरनिराळा केला असला तरी राज्याने घातलेले निर्बंध ओलांडणे हा त्याचा सर्वपरिचित अर्थ आहे. राज्याचे सर्व कायदे तेथे उतरवलेले नाहीत. ते एका शब्दात मान्य केले आहेत. परंतु त्याच ओळीत ‘हीनाधिकमानोन्मान’, म्हणजे घेताना एक माप आणि देताना दुसरे, आणि ‘प्रतिरूपकव्यवहार’, म्हणजे अस्सलात नकली मिसळणे, हे मात्र नाव घेऊन सांगितले आहेत.

खोट्या मापांना दंड कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही सांगितला आहे आणि आज वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ आहेच. राज्याचा नियम असतानाही व्रताने तो पुन्हा उच्चारला, कारण व्यापाऱ्याचा हात नेमका तेथे घसरतो. शिवाय राज्याचा नियम शिक्षेच्या भयाने पाळला जातो, तर व्रताचा नियम स्वतःच्या मुखाने घेतलेला असतो आणि प्रतिक्रमणात स्वतःच तपासावयाचा असतो. यजमानाचे नियम सरसकट उतरवू नयेत, त्यांची मान्यता एका वाक्यात द्यावी, आणि जेथे आपल्याच माणसांचा पाय घसरतो तो नियम आपल्या शब्दांत, आपल्या प्रसंगासह पुन्हा सांगावा, हा या रचनेचा बोध आहे.

वलवण-लोणावळ्याच्या समूहांना हा बोध लावून पाहिला तर फलक आपोआप आटोपशीर होतो. पहिले कलम एवढेच असावे, की व्हॉट्सअ‍ॅपच्या शर्ती आणि देशाचा कायदा येथे लागू आहेत, आणि शर्ती वाचण्याचा दुवा सोबत आहे. दुसरे कलम विहाराचे. साध्वीजी या क्षणी कोठे आहेत, रात्रीचा मुक्काम कोणत्या इमारतीत आहे, हे समूहाबाहेर पाठवू नये, त्यांची छायाचित्रेही पाठवू नयेत. या वाटेची आणि या वेषाची जाण कोणत्याही कंपनीच्या शर्तींत असणार नाही. येथे पुनरुच्चाराचा प्रश्नच नाही. हा नियम संघानेच करावयाचा आहे.

तिसरे कलम पावसाचे. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांच्या अखेरच्या क्षणांची चित्रफीत काही तासांत राज्यभर फोनोफोनी पोहोचली. ती पुढे पाठवावी की नाही याचे उत्तर यजमानाच्या नियमांत शोधत बसणे व्यर्थ आहे. ज्यांना अहिंसेचा विचार बालपणापासून मिळाला त्यांच्या फलकावर ‘मृत्यूचे दृश्य पाठवू नये’ ही ओळ असावी. वलवण धरणाचे पाणी, घाटातील दरड, बंद पडलेला रस्ता यांविषयीची बातमी नगरपरिषद, पोलीस किंवा टाटा पॉवर यांच्या सूचनेवाचून टाकू नये, आणि टाकली तर दिनांक व वेळ लिहावी. हा कंपनीच्या ‘खोटे पसरवू नये’ या नियमाचाच पुनरुच्चार आहे, पण तो येथील धरणाचे आणि येथील घाटाचे नाव घेतो, म्हणून तो लक्षात राहतो.

चौथे कलम पेढीचे, आणि व्यापारी कुटुंबांसाठी बहुधा सर्वांत मोलाचे. अमक्याचे देणे थकले, तमक्याची पेढी अडचणीत आहे, अशी कुजबुज पूर्वी बाजारात दुपारपासून संध्याकाळपर्यंत फिरे. आता ती दुपारच्या चहाच्या आत शेकडो फोनांवर पोहोचते आणि पिढ्यांची पत एका वाक्याने हलते. सत्यव्रताच्या अतिचारांत ‘रहोभ्याख्यान’, म्हणजे कोणाची एकांतातील गोष्ट उघड करणे, आणि ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटा लेख तयार करणे, यांची गणना आहे. पैसे भरल्याचे बनावट चित्र पाठवणे हा आजचा कूटलेखच होय. कोणाच्या पतीविषयी समूहात लिहू नये, असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

शेवटचे कलम कोण काय करील याचे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ च्या निकालात म्हटले, की समान हेतू किंवा पूर्वनियोजित कट दिसत नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येणार नाही. मुख्यतः सदस्य घेणे आणि काढणे एवढेच त्याच्या हाती असते, हा त्यामागील विचार होता. २०२२ पासून मात्र इतरांचा संदेश सर्वांसाठी पुसण्याची सोयही अ‍ॅडमिनला मिळाली. अधिकार वाढला तशी नैतिक जबाबदारी वाढली. म्हणून प्रथम खासगीत समज, मग संदेश पुसणे, मग समूहातून वगळणे, आणि वगळलेल्याचे म्हणणे ऐकण्यासाठी संघातील एक ज्येष्ठ, असा क्रम फलकावर असावा. दंडाआधी ऐकून घेणे हा अनेकान्ताचाच व्यवहार आहे.

घरातील तरुण मुले आता डिस्कॉर्डसारख्या मंचांवर पाठशाळेचे आणि स्वाध्यायाचे सर्व्हर चालवतात. तेथे समुदाय म्हणून सर्व्हर नोंदवायचा तर नियमांची स्वतंत्र वाहिनी ठेवावीच लागते. ती रिकामी जागा मंचाची नियमावली चिकटवून भरण्याचा मोह मुलांनाही होतो. वडीलधाऱ्यांनी मुलांना एवढेच विचारावे, की मागील वर्षभरात येथे काय बिघडले? त्या उत्तरातून जी चार वाक्ये निघतील तीच नियमावली. जेथे लहान मुले आहेत तेथे अपरिचिताने त्यांना खासगी संदेश पाठवू नये, ही ओळ मात्र काही बिघडले नसले तरी लिहावी. मंचाचा नियम असला तरी लिहावी, कारण येथे प्रसंग घडण्याची वाट पाहणे परवडणारे नाही.

संवत्सरीच्या दिवशी प्रत्येक समूहात ‘मिच्छामि दुक्कडम्’चे संदेश येतात. त्याआधी एका संध्याकाळी अ‍ॅडमिनांनी एकत्र बसून आपला फलक वाचावा. वर्षभरात ज्या नियमाचा एकदाही उपयोग झाला नाही आणि ज्याचा भंग झाल्यास आपण काही करणार नव्हतो, तो खोडावा. ज्या चुकीने कोणी दुखावला गेला, ती आपल्या शब्दांत लिहावी. ज्याला दुखावले त्याची क्षमा समूहात नव्हे, तर त्याच्या घरी जाऊन मागावी.