गाईचे रानातले भाऊबंद

वसुबारशीच्या आदल्या दिवशी सकाळीच शेजारचे आबा आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. हातात विडी होती, पण पेटवलेली नव्हती. एवढ्यावरूनच मी ओळखले, की प्रकरण गंभीर आहे.

"रातीक गवे इले," आबा म्हणाले. "कापूक इल्लां भात तुडवून गेले. तू पेपरात लिवतंस मां, मगे ह्या पण लिव."

वाचकहो, आबांची आज्ञा मोडण्याची आमच्या वाडीत कोणाची प्राज्ञा नाही. म्हणून हे लिहितो.

आमचा गाव मालवणहून कसालला जाणाऱ्या रस्त्याच्या आसपासचा. गवा म्हणजे घाटावरचे जनावर, अशी आमची लहानपणची समजूत. फोंडा घाट चढून गेले की दाजीपूर; तिथे १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झाले. ते पाहायला माणसे मुद्दाम जात. आता गवाच आम्हांला पाहायला येतो!

त्याला आपण 'गवा रेडा' म्हणतो, साहेबाने 'बायसन' म्हटले, दोघांचेही चुकले. गवा म्हशीच्या कुळातला नव्हे, तो गाईचा भाऊबंद. खांद्यापाशी पुरुषभर उंच, मोठा नर हजार किलोच्या घरातला, आणि पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा दिसणारा. भाऊबंद म्हटला की वाटणी आली, आणि वाटणी आली की तंटा आलाच.

पण हा तंटा वाटतो तितका जुना नाही. पावसाळ्यात सड्यावर गवत माजते तेव्हा गुराखी गुरे तिकडे नेतो. दिवस गुरांचा, पहाट, तिन्हीसांज आणि रात्र गव्याची. शिवाय गाय मुख्यतः गवतावर जगते, तर गवा गवताबरोबर पाला, बांबूचे कोंब, झाडाची सालही खातो. गवत सुकले की तो झाडोऱ्याकडे वळतो. म्हणजे ताट एक असले, तरी पंगती वेगळ्या.

बिघडले ते पुढे. डोंगरउतारावरचा झाडोरा तुटून काजू लागला, दोडामार्गाकडे रबर लागला. उन्हाळ्यात वणव्यात सडे जळतात; त्यात गुरांचाही चारा जातो आणि गव्याचाही. इकडे गावात पॉवर टिलर आले, बैल गेले. आबांच्या गोठ्यात एके काळी चौदा दावी होती. आज दोन आहेत. गुराखी मुंबईला गेला, गोठण ओस पडली, पड जमिनीत रान वाढले ते थेट परसापर्यंत. गव्याला आडोसा मिळाला, आणि आडोशाच्या पलीकडे पिकलेले भात!

नुकसानभरपाईचा अर्ज आबांनी करावाच. तो त्यांचा हक्क आहे. परंतु या भाऊबंदकीची दुसरी बाजूही सांगायला हवी. गवा आपले भात खातो हे दिसते. आपली गुरे त्याला काय देतात ते दिसत नाही. बुळकांडी हा गुरांचा रोग. १९६८ साली दक्षिणेत बंदीपूर-मुदुमलईच्या रानांत तो गव्यांत शिरला आणि कळपच्या कळप बसले. पुढे गावोगाव लसी टोचल्या गेल्या, आणि २०११ साली बुळकांडी जगातून गेल्याचे जाहीर झाले. रानातल्या गव्याला कोणी सुई टोचली नव्हती. गोठ्यातली गाय वाचली म्हणून तोही वाचला.

आज लाळ्या-खुरकूत आहे. फाटलेल्या खुरांचे जनावर, मग ते गोठ्यातले असो वा रानातले, या रोगाच्या तावडीत सापडते. एकाच पाणवठ्यावर दोघे तोंड घालतात, तिथे रोगाला कितीसा उशीर? सरकारने २०१९ पासून या रोगाची लस देशभर फुकट द्यायला घेतली आहे. तरीही लस टोचणारा दारी आला की "दूध आटात" म्हणून गाय मागच्या दाराने पिटाळणारे महाभाग आमच्याच वाडीत आहेत!

हे सारे मी आबांना सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले.

"म्हणजे मी माझी गाय टोचून घेवची, नि तो माझां भात खातलो?"

या प्रश्नाला माझ्यापाशी पुरते उत्तर नव्हते. राखण करावी लागेल, अर्ज करावा लागेल, सड्यावरचा वणवा अडवावा लागेल, आणि गायही टोचावी लागेल. यातले एकही दुसऱ्याच्या बदल्यात चालणार नाही.

पाडव्याला आबांनी शेणाचा गोठा घातला, गाईला ओवाळले. मग मला म्हणाले, "तो सुयेवालो खंयच्या वारी येता?"

विडी मात्र त्यांनी तेव्हा पेटवली.