‘नॉय!’ची तबकडी : दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ

१/ जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ, १९७१. ‘क्राफ्टवर्क’मधून दोन तरुण बाहेर पडले : ड्रमवादक क्लाउस डिंगर आणि गिटारवादक मिखाएल रोटर. त्यांनी ‘नॉय!’ हा बँड स्थापन केला. या शब्दाचा अर्थ ‘नवे’. पण पुढे अनेक वर्षे हे ‘नवे’ सरळ मार्गाने विकत घेणेच अशक्य झाले.

२/ ध्वनिमुद्रणतज्ज्ञ कॉनी प्लांक यांच्या साथीने १९७२, १९७३ आणि १९७५ मध्ये तीन अल्बम निघाले. महामार्गावरून न थांबता धावणाऱ्या मोटारीसारखा डिंगर यांचा ताल पुढे ‘मोटोरिक’ म्हणून ओळखला गेला.

३/ दुसऱ्या अल्बमच्या वेळी मध्येच पैसे संपले. तबकडीची दुसरी बाजू भरायची कशी? आधीच्या एका छोट्या तबकडीवरील दोन रचना मिनिटाला १६ आणि ७८ फेऱ्यांच्या गतीने वाजवून त्यांनी ती भरली. तेव्हा अनेकांना ही फसवणूक वाटली. आज तिला प्रयोग म्हणतात.

४/ नंतर दोघांचे बिनसले. पुनर्प्रकाशनाच्या अटींवर एकमत होईना आणि अल्बम बाजारातून दिसेनासे झाले. दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ. १९९०च्या दशकात चोरट्या सीडी सर्रास विकल्या गेल्या. ज्यांनी संगीत घडवले, त्यांचा या विक्रीत वाटा नव्हता.

५/ अन्याय केवळ परक्यांनी केला, असेही नाही. १९८०च्या दशकातील अपूर्ण ध्वनिमुद्रणे डिंगर यांनी १९९५ मध्ये जपानमधून ‘नॉय! ४’ या नावाने प्रसिद्ध केली, तीही रोटर यांच्या संमतीविना.

६/ कोंडी फुटली २००१ मध्ये. गायक हर्बर्ट ग्र्योनमायर यांनी दोघांची मनधरणी केली आणि त्यांच्या ‘ग्र्योनलांड’ या कंपनीने तिन्ही अल्बम अधिकृतपणे पुन्हा काढले. २००८ मध्ये डिंगर निवर्तले. २०१० मध्ये तबकड्यांचा संच आला.

७/ चोरट्या आवृत्त्यांचे समर्थक म्हणतात, ‘त्या नसत्या तर हे संगीत विस्मृतीत गेले असते.’ या म्हणण्यात तथ्य आहे. एका पिढीच्या कानांवर हे सूर त्याच वाटेने पडले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

८/ तथापि, स्मृती जपणे आणि कृती जपणे यांत अंतर आहे. चोराकडे मूळ ध्वनिफीत नसते. तो नकलेची नक्कल विकतो, आणि कलावंताला त्याचे श्रेय व मोबदला देण्याचे दायित्व त्याच्यावर नसते.

९/ दोष हक्कदारांकडेही जातो. वीस-वीस वर्षे कुलूप लावून ठेवलेल्या घरात चोर शिरला, तर चोरी क्षम्य होत नाही. पण कुलपाचा जाब विचारावाच लागतो. ग्र्योनमायर यांनी कायद्याने जे साधले नसते, ते संवादाने साधले. पुनर्प्रकाशकाचे खरे काम हेच : तबकडी छापण्यापूर्वी माणसे जोडणे.

१०/ युरोपातील त्या काळचे कितीतरी अल्पज्ञात अल्बम आज नव्या, जाडजूड तबकड्यांवर येत आहेत. रसिकाने वेष्टनाची मागची बाजू जरूर वाचावी. हक्क कोणाचे, ध्वनी कोठून घेतला, कलावंतांचा सहभाग होता का? जेथे या प्रश्नांची उत्तरे छापलेली नाहीत, तेथे स्वस्त तबकडीची उरलेली किंमत बहुधा कलावंतानेच चुकती केलेली असते.