आसन आणि अट्टाहास

दरवर्षी २१ जून रोजी शाळा-कचेऱ्यांच्या प्रांगणांत सामुदायिक योगासने होतात. २०१५ पासून रूढ झालेला हा उपक्रम स्वागतार्हच आहे; परंतु एकाच ठेक्यावर सर्वांनी सारखेच वाकावे, हा आग्रह योगाच्या मूळ विचाराशी विसंगत आहे. पतंजलींनी आसनाच्या ठायी स्थैर्याइतकीच सुखाचीही अपेक्षा धरली आणि यमांमध्ये अहिंसेला अग्रस्थान दिले. ती अहिंसा स्वतःच्या गुडघ्यांना व कण्याला लागू नाही काय? पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार कठोर शिस्तीबद्दल ख्यात होते; तरीही पट्टा, ठोकळा, दोर, खुर्ची यांचा आधार देण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही. दिवसभर टेबलाशी बसणारा पन्नाशीचा कारकून शेजारच्या तरुणाशी स्पर्धा करू लागला, तर दुखापतीने वा संकोचाने तो योगालाच कायमचा मुकण्याचा संभव असतो. मर्यादा ओळखणे म्हणजे आळस नव्हे. स्नायूंवरील ताण आणि सांध्यातील कळ यांतला भेद जाणणे, हा अभ्यासाचा पहिला पाठ होय. म्हणून विद्यार्थ्याचे हात पायाच्या अंगठ्यापर्यंत पोहोचले की नाही हे पाहण्याआधी, त्याचा श्वास शांत आहे की नाही हे शिक्षकांनी पाहावे.