सातबाऱ्यातून ताई गेली कुठं?



पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचा हल्ली एकच सूर असतो, "नेटवर सातबारा पाहिला, त्यात ताईचं नावच नाही. कोणीतरी उडवलं!" आमच्या नवलाख उंबऱ्याकडे एमआयडीसी आल्यापासून जमिनीला भाव आला. त्यामुळे असा संशय घरात वैर लावायला पुरतो. मला वाटतं, चोर शोधण्याआधी नक्कल केव्हाची आहे ते पाहावं.

चालू संगणकातल्या फायलींची प्रत काढायची तर आधी त्या क्षणभर गोठवाव्या लागतात म्हणे. नाहीतर प्रत होईपर्यंत इकडची फाईल तिकडे जाते आणि परत उतरवताना काही गायब! पोरं वर्गात ये-जा करत असताना हजेरी घेतली की असंच होतं.

सातबारा तर कायमच चालू असलेलं पुस्तक. वारसाची नोंद आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफारात चढते. नोटिसा निघतात, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतात आणि त्यानंतर तिचा अंमल नमुना सातवर येतो. मधल्या दिवसांत कोणी नुसता सात उतरवून घेतला तर ताई त्यात कशी असणार? हस्तलिखित सातबारे संगणकात घेताना चुका राहिल्या, म्हणूनच तर ते 'एडिट', 'रि-एडिट', २०१७ चं चावडी वाचन. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा मिळू लागला. पण सही सांगते ती संगणकात आहे तेवढ्याचीच खात्री. कागदावरचं सगळं आत गेलं होतं याची नव्हे. जुनी बाडं म्हणूनच जिवापाड सांभाळायला हवीत, असं माझं ठाम मत आहे.

असो. फेरफार क्रमांक शोधा. सहामध्ये नोंदच नसेल तर ती कधी झालीच नव्हती. नोंद आहे पण प्रमाणित नाही, तर अजून वाटेत आहे किंवा नामंजूर झाली. प्रमाणित असून सातवर नाही, तर मात्र उतरवताना सुटली. त्यासाठी जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करावा, सोबत जुन्या हस्तलिखित उताऱ्याची नक्कल जोडावी.

आणि नंतरच्या एखाद्या फेरफारानं नाव कमी झालेलं दिसलं, तर भावाला फोन लावण्याआधी ताईलाच विचारा, हक्कसोडपत्रावर कधी सही केली होती का?