मागे बसणाऱ्यांचे काय?

शनवारा दरवाज्यापाशी सायंकाळी मोटारी मोजक्या, दुचाक्या मात्र अगणित. मोटारीच्या धडकेत आधी पत्रा चेपतो; दुचाकीवर त्या पत्र्याची जागा आपला देहच घेतो. 2022 साली देशात 1,68,491 माणसे रस्त्यांवर दगावली. त्यांत दुचाकीवरची शेकडा 44.5, मोटारींसारख्या हलक्या वाहनांतील 12.5. दुचाक्याच अधिक, हे खरे. पण घरचे माणूस गेल्यावर त्या हिशेबाने कोणाचे समाधान होते?

1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 129 मागे बसणाऱ्यासही शिरस्त्राण सक्तीचे करते. तरी इच्छापूरच्या देवीस निघालेल्या आमच्या कुटुंबांत ते असलेच, तर चालविणाऱ्याच्या डोक्यावर. मागे वहिनींच्या डोक्यावर नुसता पदर, आणि शेजारून मालमोटारी! अंबाडा विस्कटतो ही सबब आम्हांस मुळीच पटत नाही. येत्या नवरात्रापूर्वी दुसरे शिरस्त्राण घरात आणावे.